ज्यूंच्या साधनेत स्वयंपाकघर आणि बाजार एवढे मोठे का?

प्रश्न असा आला आहे: "आमच्या शेजारी एक बेने इस्रायली कुटुंब राहतं. त्यांच्याकडे पाणी पितानाही आधी काहीतरी पुटपुटतात, मटणाच्या जेवणात दही चालत नाही, शनिवारी स्कूटरला हात लावत नाहीत. हे सगळं खाण्यापिण्याचं आणि कामाधामाचं झालं. यात अध्यात्म कुठे येतं? ज्यू धर्मात ध्यान, वैराग्य, संन्यास असं काही नाहीच का?"

मी स्वतः बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या जुन्या ज्यू समाजातली आहे. आमच्या समाजातल्या लहान मुलांना आणि लग्न ठरलेल्या मुलींना घरातले विधी, हिब्रू प्रार्थना आणि कोशेर, म्हणजे धर्मनियमांना धरून केलेला, स्वयंपाक शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली. हा प्रश्न बाहेरून येतो तसाच आमच्या घरांतली तरुण मुलंही विचारतात, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

तुम्ही जे पाहिलंत तेच आमचं अध्यात्म. ते त्या गोष्टींच्या मागे कुठे दडलेलं नाही. पाण्याचा घोट, मटणाचं भांडं, थांबवलेली स्कूटर, मजुराची चुकती केलेली मजुरी, याच जागा देवाला भेटण्यासाठी आम्हाला दिलेल्या आहेत. जग सोडून वर चढायचं नाही, तर जग हातात धरायचं, पण धरण्याआधी क्षणभर थांबायचं, अशी ही साधना आहे.

आधी वैराग्याचं बोलू. तोरामध्ये, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांत, 'नाझीर' नावाचं व्रत आहे. व्रत घेणारा ठरलेल्या मुदतीपर्यंत द्राक्षारस पीत नाही, केस कापत नाही, प्रेताजवळ जात नाही. आता गंमत बघा, मुदत संपल्यावर त्याला जेरुसलेमच्या मंदिरात जी अर्पणं आणायची असतात त्यांत एक पापार्पणही असतं. एवढं कडक व्रत पाळलं, मग पाप कसलं? तालमूदमध्ये, म्हणजे रब्बींच्या (धर्मगुरूंच्या) चर्चांच्या जुन्या संग्रहात, रब्बी एलाझार हकप्पार उत्तर देतात की द्राक्षारस नाकारून त्याने स्वतःला क्लेश दिले, हेच पाप. सगळ्याच रब्बींना हे मान्य नव्हतं आणि उपास करणारे ज्यू प्रत्येक काळात होते, पण पारडं कुठे झुकलं ते यावरून कळतं. जेरुसलेमच्या तालमूदमध्ये तर म्हटलं आहे की डोळ्यांनी पाहिलेलं आणि तरीही न खाल्लेलं जे काही असेल, त्याचा हिशेब माणसाला द्यावा लागेल. हे वचन मनावर घेऊन एक रब्बी गरिबीतही चार पैसे बाजूला टाकत, म्हणजे वर्षातून एकदा तरी प्रत्येक फळ चाखता यावं.

वैराग्याबद्दल कोणी विचारलं की मी शिमोन बार योहाय यांची गोष्ट सांगते. दुसऱ्या शतकातले हे रब्बी. रोमन सत्तेबद्दल कडक बोलले म्हणून त्यांना देहदंड ठोठावला गेला. ते आणि त्यांचा मुलगा एका गुहेत लपले. कॅरोबचं झाड आणि पाण्याचा झरा एवढ्यावर त्यांनी बारा वर्षं काढली. कपडे विरू नयेत म्हणून ते काढून ठेवत आणि गळ्यापर्यंत वाळूत बसून दिवसभर तोराचा अभ्यास करत. साधना म्हणावी तर यापेक्षा मोठी कुठली? बारा वर्षांनी बाहेर आले तर माणसं नांगरत होती, पेरत होती. दोघांना संताप आला की शाश्वत जीवन सोडून ही माणसं क्षणभंगुर गोष्टींत रमली आहेत. मग ते जिथे नजर टाकतील ते जळून जाऊ लागलं. तेव्हा आकाशवाणी झाली: "माझं जग उद्ध्वस्त करायला बाहेर आलात का? परत गुहेत जा!"

आणखी बारा महिने गेले. पुन्हा बाहेर आले तेव्हा शुक्रवारची संध्याकाळ होत होती. एक म्हातारा सुगंधी मर्टलच्या दोन जुड्या हातात घेऊन लगबगीने निघाला होता. त्यांनी विचारलं, हे कशाला? तो म्हणाला, शब्बाथच्या सन्मानासाठी. (शब्बाथ म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी सुरू होणारा आमचा विश्रांतीचा दिवस.) मग एक जुडी पुरे की! तर म्हणाला, एक शब्बाथची 'आठवण ठेव' या आज्ञेसाठी आणि एक तो 'पाळ' या आज्ञेसाठी. ते ऐकून दोघांचं मन शांत झालं.

गोष्ट इथेच संपवून सांगतात, पण पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. वाळूत बसून शिमोन यांच्या अंगाला भेगा पडल्या होत्या. त्यांचे जावई त्यांना स्नानगृहात नेऊन त्या जखमांची सेवा करतात, जावयांचे अश्रू जखमांवर पडतात आणि ते झोंबतात. बरं वाटल्यावर शिमोन विचारतात की या गावात दुरुस्त करण्याजोगं काही आहे का? आणि लोकांची रोजची अडचण होती अशी एक वाट ते मोकळी करून देतात. एवढ्या मोठ्या साधकाचं शिक्षण पूर्ण झालं ते या लोकांच्या वाटेवर.

आता पुटपुटण्याबद्दल. तुमचे शेजारी म्हणतात त्याला 'बराखा' म्हणतात. प्रत्येक बराखेची सुरुवात जवळपास सारखीच असते: "बारूख अत्ता हाशेम...", म्हणजे हे परमेश्वरा, विश्वाच्या राजा, तू धन्य आहेस. (देवाचं नाव आम्ही उगाच लिहीत नाही, म्हणून इथे 'हाशेम' लिहिलं.) पुढचे शब्द समोर काय आहे त्यावर ठरतात. झाडाच्या फळाला एक बराखा, जमिनीतून येणाऱ्या भाजीला दुसरी, गव्हाच्या पावाला तिसरी, द्राक्षारसाला चौथी. पाणी, दूध, मासे, मांस यांना "ज्याच्या शब्दाने सर्व काही झालं" ही बराखा. आंबा आणि नारळ झाडाचे. केळं मात्र जमिनीचं, कारण केळीचा खांब घड दिल्यावर मरतो, झाडासारखा वर्षानुवर्षं टिकत नाही. भाताला केक-बिस्किटांना म्हणतात ती बराखा आधी म्हणायची, पण जेवून झाल्यावरची बराखा वेगळी. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हा सगळा कीस वाटतो. पण मुलांना शिकवताना मी पाहिलं आहे की केळ्याची बराखा कोणती हे ठरवायला मुलाला आधी केळीचं झाड कसं वाढतं ते बघावं लागतं. हातातली वस्तू कुठून आली हे कळल्याखेरीज तोंड उघडता येत नाही.

यामागचा विचार तालमूदमध्ये एका पेचातून मांडला आहे. आमच्या धर्मग्रंथातल्या स्तोत्रांत एके ठिकाणी म्हटलं आहे की पृथ्वी आणि तिच्यातलं सर्व काही परमेश्वराचं आहे. दुसऱ्या ठिकाणी म्हटलं आहे की पृथ्वी त्याने माणसांना दिली. खरं कुठलं? रब्बी म्हणतात, दोन्ही खरी. पहिलं बराखा म्हणण्याआधी, दुसरं म्हटल्यानंतर. बराखा न म्हणता जगातल्या कशाचाही उपभोग घेणं म्हणजे मंदिरातली वस्तू हडपणं. हे वाक्य मी मुलींना सावकाश समजावते, कारण लोकांची कल्पना उलटी असते. त्यांना वाटतं आपण मंत्र म्हणून साध्या पाण्याला पवित्र करतो. आमचं म्हणणं आहे की पाणी आधीपासूनच पवित्र आहे, देवाच्या मालकीचं आहे. बराखा म्हणजे ते घेण्यासाठी मागितलेली परवानगी.

रब्बी मेईर यांच्या वचनानुसार दिवसाला शंभर बराखा म्हणायच्या. प्रार्थना, जेवणं, हात धुणं मिळून त्या होतातही. शब्बाथच्या प्रार्थनेत बराखा कमी असतात, मग ती तूट फळं खाऊन आणि सुगंध घेऊन भरून काढायची. गुलाबाचा वास घेताना बराखा आहे, विजेच्या गडगडाटाला आहे, इंद्रधनुष्याला आहे. मोसमाचं पहिलं फळ खाताना आणखी एक आहे: ज्याने आम्हाला जिवंत ठेवलं, सांभाळलं आणि या वेळेपर्यंत पोचवलं. आमच्याकडे ती म्हणायची खरी वेळ म्हणजे वर्षातला पहिला हापूस. घरातला कोणी गेल्या उन्हाळ्यानंतर वारला असेल, तर त्या शब्दांना घरातल्यांचा आवाज कापतो.

सगळ्यात जास्त शिकवण्याजोगी बराखा मात्र संडासातून बाहेर आल्यावरची आहे. हात धुवायचे, पुसायचे, दाराबाहेर नीट उभं राहायचं आणि म्हणायचं: तू माणसाला शहाणपणाने घडवलंस, त्याच्यात छिद्रं आणि पोकळ्या निर्माण केल्यास. त्यांतलं एक जरी उघडलं, किंवा एक जरी बंद झालं, तरी तुझ्यापुढे उभं राहणं अशक्य होईल, हे तुझ्या सिंहासनापुढे उघड आहे. तू सर्व देहांना बरं करणारा आणि अद्भुत करणी करणारा आहेस. तालमूदमध्ये हे शब्द अबाये या चौथ्या शतकातल्या बाबिलोनी रब्बींच्या नावावर आहेत. लहान मुलं ही बराखा शिकताना हसतात, मी हसू देते. चाळीस-पन्नाशीची माणसं घाईत म्हणून टाकतात. आणि प्रोस्टेटचं ऑपरेशन झालेला किंवा डायलिसिसवर असलेला माणूस ती म्हणतो तेव्हा एकेक शब्द वेगळा ऐकू येतो. देहाची लाज वाटावी अशा जागी ज्या धर्माने प्रार्थना ठेवली, तो देहाकडे कसा पाहतो हे यापेक्षा स्पष्ट करून सांगता येणार नाही. संडासाच्या आत मात्र देवाचं नाव घ्यायला मनाई आहे. मर्यादा आहेच, ती दाराच्या चौकटीवर आहे.

दह्याचं काय? तोरामध्ये तीन ठिकाणी आज्ञा आहे की करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये. त्यावरून मांस आणि दूध एकत्र शिजवायचं नाही, खायचं नाही, भांडी वेगळी, असा सगळा नियम उभा राहिला. कोकणात आमच्या बायकांना हे कधी जड गेलं नाही, कारण रस्स्याला नारळाचं दूध होतंच. माशांतले फक्त पर आणि खवले दोन्ही असलेले चालतात. पापलेट, बांगडा, रावस चालतात. कोळंबी, खेकडे, तिसऱ्या चालत नाहीत. आमच्यात परंपरेने सांगतात की दाविद राहबी नावाचा ज्यू कोकणात आला तेव्हा त्याने आमच्या बायकांपुढे मिसळलेले मासे ठेवले आणि त्यांनी पर-खवल्यांचे तेवढे वेगळे काढले, त्यावरून त्याने ओळखलं की ही आपलीच माणसं. हिब्रू विसरली होती, ग्रंथ हाताशी नव्हते. शेमा ही 'देव एकच आहे' सांगणारी प्रार्थना, सुंता, शब्बाथ आणि माशांची निवड एवढं टिकलं होतं. शतकानुशतकं धर्म टिकवला तो विळीवर बसलेल्या बायकांनी, हे मी आमच्या मुलींना दर वर्षी सांगते.

मांसाची रीत जवळून पाहा. जनावर तीक्ष्ण, खाच नसलेल्या सुरीने शिकलेल्या माणसानेच कापायचं. घरी आणलं की मांस अर्धा तास पाण्यात भिजवायचं, मग सगळ्या बाजूंनी जाडं मीठ लावून तासभर तिरक्या फळीवर किंवा जाळीवर ठेवायचं, म्हणजे रक्त निथळून जातं. मग तीन वेळा धुवायचं. कलेजीत रक्त फार, तिला मीठ पुरत नाही, ती विस्तवावरच भाजावी लागते. अंडं थेट पातेल्यात फोडायचं नाही, आधी वाटीत फोडून बघायचं, रक्ताचा ठिपका दिसला तर टाकून द्यायचं. कारण तोरा म्हणते, देहाचं जीवन रक्तात आहे. मांस खायची मुभा दिली, पण जीव आपला नाही. तासभर मिठात पडलेलं मांस बघत बसलेली बाई हे विसरू शकत नाही की समोर कधीतरी श्वास घेणारं काहीतरी होतं. भूक लागली आहे, पाहुणे यायचे आहेत, तरी तो तास द्यावाच लागतो.

इसवी सन 70मध्ये रोमनांनी जेरुसलेमचं मंदिर पाडलं, तेव्हापासून आमच्याकडे वेदी नाही, बळी नाहीत. रब्बींनी सांगितलं की मंदिर होतं तोवर वेदी प्रायश्चित्त करत होती, आता माणसाचं जेवणाचं टेबल करतं. पावाला मीठ लावून खाणं, आधी भांड्याने हातांवर पाणी ओतणं, हे मंदिरातल्या याजकांच्या, म्हणजे पुजाऱ्यांच्या, रीतींतून घरात आलं. आणि टेबलाने प्रायश्चित्त होतं ते त्यावर गरिबाला जेवायला मिळतं म्हणून, असंही लगेच सांगितलं आहे. 1874मध्ये पुण्यात छापलेल्या मराठी भाषांतराच्या हग्गादामध्ये, म्हणजे वल्हांडणाच्या (इजिप्तच्या गुलामीतून सुटकेच्या सणाच्या) रात्री वाचायच्या पोथीत, साड्या नेसलेल्या बायका बेखमीर भाकरी करताना दाखवल्या आहेत. कणीक मळणारे हात पोथीत येतात हे आम्हाला नवल वाटत नाही.

देहाविषयी दोन गोष्टी. हिल्लेल हे पहिल्या शतकाच्या आसपासचे थोर गुरू. शिकवून निघाले तेव्हा शिष्यांनी विचारलं, कुठे चाललात? म्हणाले, देवाची आज्ञा पाळायला, स्नानगृहात. अंघोळ ही आज्ञा कशी? हिल्लेल म्हणाले, रंगभूमीत राजाचे पुतळे उभे करतात, ते घासायला-पुसायला माणूस नेमतात, त्याला पगार आणि मान देतात. मी तर देवाच्या प्रतिमेत निर्माण झालो आहे. दुसरी गोष्ट लग्नाची. मिश्नामध्ये, म्हणजे तालमूदचा पाया असलेल्या नियमसंग्रहात, नवऱ्याने बायकोला शरीरसुख देणं हे त्याचं कर्तव्य सांगितलं आहे आणि किती वेळा हे धंद्यावर ठरवलं आहे. मजुराने आठवड्यातून दोनदा, गाढवं हाकणाऱ्याने एकदा, उंटवाल्याने तीस दिवसांतून एकदा, खलाशाने सहा महिन्यांतून एकदा. मग तालमूदमध्ये प्रश्न येतो, गाढववाल्याला जास्त कमाईसाठी उंटवाला व्हायचं असेल तर? उत्तर असं की बायकोला भरलेल्या घरापेक्षा नवरा जवळ असणं जास्त प्रिय. परदेशी नोकरीसाठी निघालेल्या जोडप्यांना मी हे आवर्जून वाचायला लावते. पाळीच्या काळात आणि नंतर काही दिवस दूर राहणं, मग मिकवेत, म्हणजे नैसर्गिक पाण्याच्या कुंडात बुडी मारून पुन्हा जवळ येणं, हेही याच धाग्यातलं. तिथेही ओढीला नकार नाही, थोडं थांबणं आहे.

एवढं सगळं सांगूनही मी बाजाराचं बोलले नाही तर उत्तर अपुरं राहील. तोरातल्या लेवीय या पुस्तकाच्या 19व्या अध्यायात देव सांगतो, "पवित्र व्हा, कारण मी पवित्र आहे." लगेच पुढे काय येतं ते वाचा. शेताचे कोपरे कापू नका, ते गरिबाला आणि परक्याला ठेवा. मजुराची मजुरी सकाळपर्यंत अडवून ठेवू नका. बहिऱ्याला शिव्या देऊ नका, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नका. चहाड्या करत फिरू नका. म्हाताऱ्यासमोर उठून उभे राहा. आणि शेवटाकडे: खरा तराजू, खरी वजनं, खरा एफा, खरा हिन. एफा हे धान्याचं माप, हिन हे तेलासारख्या पातळ पदार्थाचं. माझे पूर्वज रायगडच्या किनाऱ्यावर घाणे चालवणारे तेली. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने नाव ठेवलं शनिवार तेली. आमच्या सणावारी शनिवारच्या बंद घाण्याचा अभिमान सगळे सांगतात. मला वाटतं, उरलेल्या सहा दिवसांत तेलाचं माप भरलेलं होतं की नाही हा प्रश्नही तेवढाच पवित्र आहे. रावा नावाचे रब्बी सांगतात की मेल्यावर न्यायासनापुढे माणसाला पहिला प्रश्न विचारतात तो प्रार्थनेचा नसतो: देवघेव प्रामाणिकपणे केलीस का?

शनिवारच्या स्कूटरकडे येते. मिश्नामध्ये शब्बाथला मना केलेली 39 कामं मोजून दिली आहेत: नांगरणं, पेरणं, मळणं, शिवणं, लिहिणं, विस्तव पेटवणं वगैरे. ती आमच्या पूर्वजांनी रानात देवासाठी उभारलेल्या निवासमंडपाच्या बांधकामावरून घेतली आहेत, म्हणजे माणूस जगावर आपला हात ज्या ज्या रीतीने चालवतो ती सगळी. इंजिन चालू करणं म्हणजे विस्तव पेटवणं, म्हणून स्कूटर नाही. कोणाच्या जिवावर बेतलं असेल तर मात्र स्कूटर काढायचीच, विचारत बसायचं नाही. जीव वाचवणं शब्बाथच्या वर आहे. सूर्यास्ताआधी दिवे लागतात. आमच्याकडे अजून कित्येक घरांत ग्लासात तेल-पाणी घालून वात सोडतात. दिव्यांआधी दानपेटीत नाणं टाकायचं. द्राक्षारस मिळत नसे तेव्हा काळ्या मनुका भिजवून, पिळून त्याचं सरबत किद्दुशला, म्हणजे शब्बाथच्या सुरुवातीला द्राक्षारसावर म्हणायच्या बराखेला, करायची रीत पडली, ती अजून आवडीने पाळतात. चांगलं खाणं, दुपारची झोप, नवरा-बायकोची जवळीक, हे सगळं त्या दिवसाच्या आनंदाचा भाग आहे. शनिवारी रात्री दिवस संपवताना वेणी घातलेल्या मेणबत्तीच्या उजेडात बोटं धरून नखं बघतात, लवंगांचा वास घेतात, आणि आठवड्याला परत हात लावतात.

यात धोके नाहीत असं नाही. 13व्या शतकातले स्पेनचे नहमानिदेस यांनी त्याच "पवित्र व्हा" या आज्ञेवर लिहिलं आहे की सगळे नियम पाळूनही माणूस नीच राहू शकतो. मांस कोशेर आहे म्हणून अधाशासारखं खाईल, बायको स्वतःची आहे म्हणून तिच्यावर तुटून पडेल, बोलायला बंदी नाही म्हणून तोंड सोडेल. म्हणून मुभा आहे तिथेही स्वतःला आवरायला ही आज्ञा आहे. हे वाचलं की समजतं, नियम ही सुरुवात आहे. दुसरा धोका सवयीचा. बराखा इतकी तोंडात बसते की पाणी आधी पोटात जातं आणि शब्द नंतर. मी यावर एकच उपाय सांगते: शंभरातली एक निवडा आणि ती रोज सावकाश, अर्थ मनात आणून म्हणा. बाकीच्या जमतील तशा. पण मन लागत नाही म्हणून म्हणायचीच नाही, हा विचार मला पटत नाही. मन कधी लागेल याची वाट बघत बसलेली माणसं मी पाहिली आहेत. हात आधी चालू लागला की मन बऱ्याचदा मागून येतं.

ध्यान आहे का, असं तुम्ही विचारलंत. आहे. मिश्ना सांगते की जुने भक्त प्रार्थनेआधी तासभर थांबून मन देवाकडे लावत. 16व्या शतकात गालिलातल्या त्सफात गावात इसहाक लुरिया यांनी शिकवलं की सृष्टीच्या सुरुवातीला दिव्य प्रकाशाची पात्रं फुटली, त्याच्या ठिणग्या जगातल्या प्रत्येक वस्तूत अडकल्या, आणि माणूस नीट खातो, नीट काम करतो तेव्हा त्या वर उचलल्या जातात. 18व्या शतकात पूर्व युरोपात बाल शेम तोव यांनी हाच विचार गाडीवानापर्यंत आणि लाकूडतोड्यापर्यंत नेला. त्यांच्या परंपरेत एक जुनं वचन वारंवार येतं की परमेश्वराला या खालच्या जगातच आपलं घर असावं असं वाटलं. मला हे सगळं प्रिय आहे. पण नवख्याला मी ठिणग्यांपासून सुरुवात करू देत नाही. ज्याला अंडं वाटीत फोडून बघायचा धीर नाही, तो ठिणग्यांच्या गप्पा मारून हवेतच राहतो. आधी वाटी, मग लुरिया.

तुम्ही ज्यू नाही, तेव्हा यातलं काहीही पाळायची तुमच्यावर सक्ती नाही, आणि आम्ही कोणाला धर्मांतर करायला सांगतही नाही. शेजार म्हणून काही गोष्टी उपयोगी पडतील. त्यांना काही द्यायचं झालं तर अख्खी, न चिरलेली फळं द्या, ती कोणत्याही अडचणीशिवाय चालतात. तुमच्या घरचं शिजवलेलं त्यांनी नाकारलं तर त्यात तुमच्या हाताचा अपमान नाही. शुक्रवारी संध्याकाळनंतर फोन उचलला नाही तर शनिवारी रात्री करा. आणि मलिद्याचं बोलावणं आलं तर नक्की जा. लग्न, नवं घर, फेडलेला नवस अशा वेळी एलियाहू हन्नबी, म्हणजे एलिया संदेष्टा, यांच्या नावाने आम्ही तो करतो: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, सुकामेवा आणि वर फळं. ताटातली फळं एकेक करून उचलली जातील आणि प्रत्येक जातीवर वेगळी बराखा होईल, आधी झाडाची, मग जमिनीची. केळं कुठल्या वेळी उचलतात ते बघा, आणि का ते घरातल्या लहान पोराला विचारा. त्याला ठाऊक असेल.